झीलकऱ्यांच्या भरवशावर : मराठवाड्यातील समूहकलेची पार्श्वभूमी

आघात सोसलेल्या मुलांकडून एकत्र गाणं, नाटक, भिंतचित्र करून घेतलं की माणसांवरचा त्यांचा विश्वास हळूहळू परततो, असं समुपदेशक आज सांगतात. मराठवाड्यात हे काम फार आधीपासून चालत आलंय, फक्त त्याला कुणी उपचार म्हणत नव्हतं. इथल्या लोककलांची घडणच समूहाची. पोवाड्यात शाहिराचा दम संपतो तिथे मागे साथ देणारे झीलकरी सूर उचलतात. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात रचलेल्या भारुडांत आंधळा बोलतो, मुका बोलतो, वासुदेव आणि गोंधळी बोलतात. स्वतःचं दुःख सांगायला न धजणाऱ्या मुलाला असं दुसऱ्याच्या वेशात बोलता येणं किती मोलाचं, हे तालमीला बसलेल्या कुणालाही कळेल.

आधुनिक काळात या वाटेवरचं मोठं पाऊल औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात पडलं. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे सुरू केलेल्या, पुढे मिलिंद नावाने ओळखल्या गेलेल्या महाविद्यालयात खेड्यापाड्यांतून दलित मुलं शिकायला आली. गावातले अपमान सोबत घेऊनच आली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी लिहिलेलं ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी उभं केलं. पाणवठ्यावरून हाकलली गेलेली पोरं रंगमंचावर आपलाच इतिहास मांडत होती आणि सगळं सभागृह ते ऐकत होतं. १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव झाल्यावर दलित वस्त्यांवर हल्ले झाले. १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंतच्या लढ्यात भीमगीतं आणि जलसे वस्त्यावस्त्यांतून घुमत राहिले, ते तरुणांना एकत्र धरूनही राहिले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन उरकून गावं झोपलेली असताना, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली, असंख्य मुलं पोरकी झाली. त्यांच्यासाठी पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या सहकाऱ्यांनी नळदुर्गला ‘आपलं घर’ उभारलं. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या सेवा दलाकडे समूहगीतांचा आणि कलापथकाचा वारसा होताच.

औसा तालुक्यातल्या हासेगावचं ‘सेवालय’ हे अलीकडचं उदाहरण. एचआयव्ही बाधित मुलांसाठी रवी बापटले यांनी ते सुरू केलं. ही मुलं गावच्या शाळेत आली तेव्हा इतर पालकांनी आपली मुलं काढून घेतली होती. याच मुलांनी पुढे ‘हॅपी म्युझिक शो’ हा वाद्यवृंद उभा केला. ज्यांच्या शेजारी बसायला लोक तयार नव्हते, त्यांना ऐकायला लोक समोर येऊन बसले.

मात्र देणगीदारांपुढे मुलांना त्यांची कर्मकहाणी सांगत रडायला लावणं, ही कला नव्हे. त्याने मूल आणखी एकटं पडतं. आणि खोल आघाताला समुपदेशक लागतोच, गाणं त्याची जागा घेत नाही.

आज सर्वांत मोठी अडचण सलगतेची आहे. बीड जिल्ह्यातले ऊसतोड मजूर दिवाळीच्या आसपास कारखान्यांकडे निघतात, मागे राहिलेली मुलं हंगामी वसतिगृहात जातात. आई-बाप परतले की वसतिगृह बंद होतं आणि तालमीत जमून आलेला गटही मोडतो. गावातल्याच एखाद्या भारुडकाराला किंवा शाहिराला वर्षभराचं मानधन देऊन हा गट टिकवता येईल. ती तरतूद आधी व्हायला हवी.