ग्रहांच्या फिजिक्सवरून सुपरपॉवर बनवणं (टेबलटॉप आरपीजी)

टेबलटॉप आरपीजीमध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत आणि गोष्ट सांगत खेळायच्या रोलप्लेइंग गेममध्ये, कॅरेक्टरची सुपरपॉवर नुसती मनाने ठरवण्याऐवजी एखाद्या खऱ्या ग्रहाचे किंवा उपग्रहाचे आकडे घेऊन बनवायची ही पद्धत. आकडे म्हणजे गुरुत्वाकर्षण, हवेची घनता, दाब, तापमान, भरतीचा ताण (जवळच्या बाजूला जास्त आणि लांबच्या बाजूला कमी ओढ बसल्यामुळे पडणारा ताण) वगैरे. ह्यातली खरी मजा अशी की ज्या नियमातून पॉवर मिळते त्याच नियमातून तिची मर्यादा पण मिळते, त्यामुळे गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, "दिवसातून तीनदाच वापरायची" असली ओढूनताणून लावलेली अट घालावी लागत नाही.

हा गेमप्रकार अमेरिकेत १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सपासून सुरू झाला, पण तिथे जादूच असल्यामुळे फिजिक्सचा फार संबंध नव्हता. ग्रह मोजूनमापून मांडायची सवय लावली ती १९७७ च्या ट्रॅव्हलरने, त्यात प्रत्येक ग्रहाला एक कोड असतो आणि आकार, हवा, पाणी ह्यांना एकेक अंक, पृथ्वीचा आकार ८. मग १९८१ मध्ये चॅम्पियन्स आला, त्यात पॉइंट्स देऊन पॉवर विकत घ्यायची आणि तिच्यावर लिमिटेशन, म्हणजे मर्यादा, घेतलं की ती स्वस्त पडते. ह्या दोन गोष्टी जोडल्या की काम झालं, ग्रह लिमिटेशन देतो आणि लिमिटेशन पॉइंट्स वाचवतं.

सगळ्यात जास्त वापरलं जातं गुरुत्वाकर्षण आणि सगळ्यात जास्त गोंधळ पण तिथेच होतो. पृथ्वीवर ते ९.८, चंद्रावर १.६२ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे साधारण सहापट फरक, त्यामुळे इथे ५० सेंटीमीटर उडी मारणारा माणूस तेवढ्याच वेगाने जमीन सोडली तर चंद्रावर ३ मीटर वर जातो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण हवेत राहायचा वेळही सहापट होतो, ०.६४ सेकंदाचे जवळजवळ ३.९ सेकंद होतात, आणि चंद्रावर हवाच नाही म्हटल्यावर मध्येच दिशा बदलायला कसलाही आधार नाही. गर्प्स नावाच्या आरपीजीमध्ये एक टर्न १ सेकंदाचा असतो, म्हणजे हिरो तीन-चार टर्न ठरलेल्या वाटेवर नुसता तरंगतोय आणि समोरच्याला नेम धरायला भरपूर वेळ! डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या आताच्या आवृत्त्यांत राउंड ६ सेकंदांचा आहे, तिथे तीच उडी एका राउंडमध्ये संपते आणि तोटा जाणवतच नाही, म्हणून कुठल्या सिस्टिमवर खेळताय ते आधी बघायचं.

दुसरा घोळ वजन आणि वस्तुमानाचा. चंद्रावर १,००० किलोचा दगड उचलायला इथे १६५ किलो उचलायला लागतो तेवढाच जोर लागतो, पण तोच दगड आडवा वेगाने अंगावर आला तर थांबवायला पृथ्वीइतकाच जोर लागेल. म्हणजे उचलण्याचा आकडा बदलायचा, धडकेचं डॅमेज बदलायचं नाही. आणि मोठा ग्रह म्हणजे ताकदवान हिरो असंही नाही, शनीचं वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट आहे पण त्याच्या ढगांच्या माथ्यावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीपेक्षा जेमतेम थोडंसंच जास्त भरतं, कारण तो फुगलेला आहे आणि केंद्र लांब पडतं. शिवाय उभं राहायला जमीनच नाही.

भरतीचा ताण मात्र लोक फार कमी वापरतात आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर पॉवर तिथूनच निघते. गुरूचा उपग्रह आयो किंचित लांबट कक्षेत फिरतो, युरोपा आणि गॅनिमीड ती कक्षा गोल होऊ देत नाहीत, त्यामुळे गुरू त्याला सतत ताणतो-सोडतो आणि आतला खडक वितळतो. हे गणित पील, कॅसेन आणि रेनॉल्ड्स ह्यांनी मार्च १९७९ मध्ये छापलं आणि त्याच महिन्यात व्हॉयेजर १ यानाला तिथे पेटते ज्वालामुखी दिसले. शूमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू १९९२ मध्ये ह्याच ताणाने गुरूजवळ फुटला आणि १९९४ च्या जुलैमध्ये त्याचे तुकडे गुरूवर आदळले.

आता हे टेबलावर आणा. ताण अंतराच्या घनाने कमी होतो, अंतर दुप्पट केलं की एक अष्टमांश. म्हणजे १० मीटरवर ८ फासे डॅमेज असेल तर २० मीटरवर १ फासा, रेंजचा तक्ता आपोआप तयार. आणि ताण समोरच्याच्या लांबीवर पण अवलंबून असतो, त्यामुळे राक्षस जास्त फाटतो आणि उंदराला काहीच होत नाही, असं दुसऱ्या कुठल्या पॉवरमध्ये सहज मिळत नाही. १० मीटरवरून २ मीटरच्या माणसाला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जी (पृथ्वीवरच्या गुरुत्वाकर्षणाइतका) फरक जाणवायला साधारण ३.७ गुणिले १० चा १३ वा घात किलो वस्तुमान लागेल आणि तेवढ्याने आजूबाजूचं सगळंच अडीच जीने ओढलं जाईल. तेव्हा वस्तुमान कुठून आलं आणि बाकीची ओढ कुठे गेली एवढं एक खोटं माफ करायचं, त्यानंतर मात्र सगळं नियमाने चालवायचं.

हवेच्या पॉवर सोप्या आहेत. शनीचा उपग्रह टायटनवर हवा पृथ्वीच्या चौपट दाट आणि गुरुत्वाकर्षण सातवा भाग, म्हणजे तेवढ्याच वेगाला लागणारं पंखाचं क्षेत्रफळ तीसेक पटीने कमी, हाताला पंख बांधून माणूस खरंच उडेल, फक्त तापमान उणे १७९ अंश आणि श्वासाला ऑक्सिजन नाही. शुक्रावरच्या हिरोला ९२ पट दाबाची सवय, तो पृथ्वीवर आला की खोल समुद्रातून झटकन वर आलेल्या पाणबुड्यासारखी त्याची गत.

मंगळाच्या वादळाबद्दल मात्र आग्रहाने सांगावं लागतं कारण जवळजवळ प्रत्येक प्लेयर तिथे शत्रूला उडवून लावणारा वारा मागतो. तिथली हवा इतकी विरळ आहे की ताशी १०० किलोमीटरचं वारं अंगाला इथल्या १२-१३ च्या झुळकेसारखं लागतं. पण धूळ सूर्य झाकते, २०१८ च्या ग्रहभर पसरलेल्या वादळात ऑपॉर्च्युनिटी रोव्हरच्या सौर पॅनेलना प्रकाश मिळेना आणि तो कायमचा गप्प झाला. त्यामुळे मंगळाची पॉवर घेणाऱ्याला ढकलण्याचे पॉइंट्स देऊ नयेत, नजर बंद करण्याचे आणि सौर यंत्रं बंद पाडण्याचे द्यावेत, आणि वादळ उठलं की ते त्याच्या स्वतःच्या पार्टीलाही, म्हणजे सोबतच्या कॅरेक्टर्सनाही, तेवढंच लागू करावं.