पालघरची पोस्ट, कलम ६६ अ आणि त्यानंतर

१८ नोव्हेंबर २०१२ हा रविवार होता. बाळासाहेब ठाकरे यांची अंत्ययात्रा शिवाजी पार्ककडे निघाली होती आणि मुंबईची दुकानं, टॅक्सी, रिक्षा सगळं बंद होतं. पालघरमध्ये, जो तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता, २१ वर्षांच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. रोज हजारो माणसं मरतात तरी जग चालू राहतं, आदर मिळवावा लागतो, तो सक्तीने घेता येत नाही, आणि आज मुंबई बंद आहे ती आदरापोटी नसून भीतीपोटी, असा त्या ओळींचा आशय होता. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली.

काही तासांत स्थानिक शिवसेना पदाधिकाऱ्याची तक्रार आली. मुलीच्या काकांच्या दवाखान्यावर जमाव चालून गेला आणि तोडफोड झाली. पोलिसांनी दोघींवर गुन्हा दाखल केला. आधी भारतीय दंड संहितेचं, धार्मिक भावना दुखावल्याचं कलम २९५ अ लावलं. मजकुरात धर्माचा उल्लेखच नव्हता, म्हणून पुढे ते बदलून समाजगटांत वैर पसरवल्याचं कलम ५०५ (२) झालं. त्याच्या जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ होतं. न्यायालयाने आधी १४ दिवसांची कोठडी सुनावली आणि मग प्रत्येकी १५ हजारांच्या जातमुचलक्यावर त्यांना सोडलं. प्रकरण देशभर गाजलं. प्रेस कौन्सिलचे तत्कालीन अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना पत्र लिहिलं. दहा दिवसांच्या आत दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि पुढे गुन्हाही मागे पडला. पण पोस्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवशी कळलं, की नुसतं लाइकचं बटण दाबूनही पोलीस ठाण्यात जावं लागू शकतं.

६६ अ हे कलम आलं कुठून, हे पाहिल्याशिवाय पालघर समजत नाही. मूळ माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याचा भर ई-व्यवहार, डिजिटल सही आणि हॅकिंग यांवर होता, कारण लोक एकमेकांना उद्देशून जाहीरपणे लिहीत बसतील अशी जागाच तेव्हा नव्हती. ऑर्कुट आलं २००४ मध्ये. मराठी तरुणांची पहिली मोठी वस्ती तिथेच झाली. गावांच्या, कॉलेजांच्या, गडकिल्ल्यांच्या कम्युनिटी होत्या. पहिले गुन्हेही तिथल्याच मजकुरावरून नोंदले गेले.

त्यातला एक मला अजून अस्वस्थ करतो. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर आला होता. त्याच्या तपासात पुणे पोलिसांनी ३१ ऑगस्ट २००७ रोजी बंगळुरूहून एका संगणक अभियंत्याला उचललं. आयपी पत्ता त्याचा, असं दूरसंचार कंपनीने कळवलं होतं. ती माहिती चुकीची निघाली. आयपी पत्ता हा घरनंबरासारखा कायमचा नसतो. आज माझ्याकडे असलेला क्रमांक उद्या दुसऱ्याच्या वाट्याला जातो. म्हणून नेमकी वेळ जुळवल्याशिवाय त्या क्रमांकाला काहीच अर्थ नसतो. ही जुळवणी बिघडली आणि ज्याने एक अक्षर लिहिलं नव्हतं तो माणूस सुमारे ५० दिवस येरवडा तुरुंगात राहिला. समाजमाध्यमांवरच्या धोक्यांची चर्चा होते तेव्हा लिहिणाऱ्याला ‘जपून लिहा’ असं सांगितलं जातं. या माणसाने काय जपायला हवं होतं?

तेव्हा ६६ अ नव्हतंच. ते आणलं २००८ च्या दुरुस्तीने. २६/११ च्या हल्ल्याला महिनाही झाला नव्हता, संसदेत गोंधळ चालू होता, आणि डिसेंबरच्या अखेरीस ही दुरुस्ती जवळपास चर्चेविना मंजूर झाली. २७ ऑक्टोबर २००९ पासून ती लागू झाली. ‘अत्यंत आक्षेपार्ह’ किंवा ‘धमकीवजा’ मजकूर पाठवणं, तसंच खोटी माहिती पाठवून कुणाला त्रास, गैरसोय, अपमान, वैरभाव अशा गोष्टी पोहोचवणं, याला तीन वर्षांपर्यंत कैद. या शब्दांचं मूळ ब्रिटनच्या १९३५ सालच्या पोस्ट ऑफिस दुरुस्ती कायद्यात सापडतं. एका माणसाने दुसऱ्याला फोन करून घाणेरडं किंवा धमकीचं बोलू नये, यासाठीची ती तरतूद होती. फोनवर ऐकणारा एकच असतो आणि बोलणं त्याच्यासाठीच असतं. फेसबुकवर लिहिलेलं मात्र हजार जण वाचतात, आणि त्यातल्या एकाला त्रास झाला तरी गुन्हा घडला असं म्हणता येतं. जुनी भाषा नव्या जागी उचलून ठेवताना हा फरक कुणी मोजला नाही.

२०१२ मध्ये त्याची फळं दिसली. एप्रिलमध्ये कोलकात्यातल्या एका प्राध्यापकांना व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. सप्टेंबरमध्ये मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांच्यावर ६६ अ सोबत राजद्रोहाचं कलमही लावण्यात आलं. ऑक्टोबरमध्ये पुद्दुचेरीच्या एका व्यावसायिकाला ट्वीटबद्दल पकडलं. आणि नोव्हेंबरमध्ये पालघर.

पालघरनंतर काही दिवसांतच श्रेया सिंघल ही दिल्लीची तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. पुढे इतरही याचिका जोडल्या गेल्या. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं, की वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय या कलमाखाली अटक करू नये. कलम मात्र तसंच राहिलं. अखेर २४ मार्च २०१५ रोजी न्या. जे. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने ते पूर्णपणे रद्द केलं.

तो निकाल मला फार मोलाचा वाटतो, आणि तो ‘काहीही लिहा’ असा परवाना देत नाही म्हणूनच जास्त. न्या. नरिमन यांनी तीन पायऱ्या वेगळ्या केल्या: चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही बोचल्या तरी त्यांना घटनेचं संरक्षण आहे. चिथावणीपाशी पोहोचल्यावर मात्र सरकार हस्तक्षेप करू शकतं. ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ हे शब्द इतके सैल आहेत की एकाला त्रासदायक वाटेल ते दुसऱ्याला वाटणार नाही, आणि लिहिणाऱ्याला आपण रेषा कुठे ओलांडली हे कळणारच नाही. कलमाचा गैरवापर होणार नाही असं सरकारी वकिलांनी आश्वासन दिलं होतं. त्यावर न्यायालयाचं म्हणणं असं, की सरकारं येतात आणि जातात, कलम मात्र कायम राहतं. आजच्या सरकारचा शब्द उद्याच्या सरकारला बांधत नाही.

चिथावणीचा धोका खोटा नव्हता, हेही इथेच सांगायला हवं. या निकालाच्या नऊ-दहा महिने आधी, २ जून २०१४ च्या रात्री, पुण्यात हडपसरला जमावाने एका तरुणाचा जीव घेतला. फेसबुकवर शिवाजी महाराज आणि बाळासाहेब यांची विकृत केलेली चित्रं फिरली होती, त्यावरून शहर तापलं होतं. मूळचा सोलापूरचा, आयटीत नोकरी करणारा हा मुलगा नमाज पढून घरी परतत होता. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये खटल्यातले आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. हडपसरनंतर चार वर्षांनी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ‘मुलं पळवणारे’ समजून ठेचून मारलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षा मागत फिरणारी ही माणसं, पोट भरायला सोलापूरकडून इतक्या लांब आलेली. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेने त्यांना राक्षस ठरवलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तोवर देशभर असे बरेच बळी गेले होते.

हडपसर आणि राईनपाडा पालघरशेजारी ठेवून पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. ६६ अ अस्तित्वात होतं तेव्हाही त्याने हडपसरच्या मुलाला वाचवलं नाही. मजकूर कुणी तयार केला, कुणी पसरवला आणि कुणी गर्दी जमवली, हा तपास कष्टाचा असतो. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोटोसकट लिहिणारी मुलगी मात्र लगेच सापडते. म्हणून कायद्याचा हात तिच्यापर्यंत आधी पोहोचला.

समाजमाध्यमांच्या फायद्याची बाजू सर्वांत स्पष्ट दिसली ती एप्रिल-मे २०२१ मध्ये. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ट्विटर आणि फेसबुक अक्षरशः फळा झाले होते: रुग्णाचं वय, शहर, ऑक्सिजनची पातळी, हवं ते औषध, नातेवाइकाचा फोन. अनोळखी मुलंमुली रात्रभर जागून रुग्णालयांना फोन करत, कुठे खाट आहे हे तपासून वेळ टाकून पुन्हा लिहीत. कितीतरी घरांत माणूस वाचला तो अशा एका पोस्टमुळे. त्याच पोस्टमधला फोन नंबर घेऊन रेमडेसिविरचे आगाऊ पैसे उकळणारे भामटेही आले, आणि मदत करणाऱ्या मुलींना नको ते फोन आले. गरजेपोटी नंबर जाहीर केलेल्या माणसाला तो मागे घेता येत नाही.

त्याच दिवसांत उत्तर प्रदेशात अमेठीच्या एका तरुणावर आजोबांसाठी ऑक्सिजन मागणारं ट्वीट केल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. ३० एप्रिल २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाचे न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने बजावलं, की समाजमाध्यमांवर मदत मागणाऱ्या किंवा गाऱ्हाणं मांडणाऱ्या नागरिकांवर कारवाई केली तर तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल.

त्याच वर्षी जुलैमध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली. रद्द झालेलं ६६ अ पोलीस ठाण्यांमध्ये जिवंतच होतं. पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेने न्यायालयापुढे ठेवलेल्या आकडेवारीनुसार मार्च २०२१ मध्ये ११ राज्यांत या कलमाखालचे ७४५ खटले प्रलंबित होते. तत्कालीन महान्यायवादी (अ‍ॅटर्नी जनरल) के. के. वेणुगोपाल यांनी दिलेलं कारण साधं होतं: छापील कायद्यात कलम तसंच दिसतं आणि ते रद्द झाल्याचं फक्त तळटीप सांगते. ठाण्यातला अधिकारी वरचा मजकूर वाचतो, तळटीप वाचत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला, की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये.

दरम्यान इतर कलमं होतीच. मे २०२२ मध्ये अभिनेत्री केतकी चितळे हिने शरद पवार यांच्याविषयीच्या काही ओळी फेसबुकवर टाकल्या आणि ती महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहिली. सत्तेत तेव्हा एक आघाडी होती. २०१२ मध्ये दुसरीच होती. २८ मार्च २०२५ रोजी न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात पोलिसांना वाट आखून दिली. बोलण्या-लिहिण्याबद्दलची तक्रार तीन वर्षं किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या कलमात बसत असेल, तर थेट गुन्हा नोंदवण्याऐवजी आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करावी. फौजदारी प्रक्रियेसाठीच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (३) मध्ये तशी सोय आहे.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, ९ मे २०२५ ला, पुण्यात अभियांत्रिकीच्या १९ वर्षांच्या एका विद्यार्थिनीला अटक झाली. भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत तिने इन्स्टाग्रामवर कुणाची तरी पोस्ट पुढे टाकली होती. तिला धमक्या आल्या, दोन तासांत तिने ती काढून माफीही मागितली होती. कॉलेजने तिला काढून टाकलं. तिची रवानगी येरवड्यात झाली, आणि परीक्षेचे पेपर सुरू झाले तेव्हा ती तुरुंगात होती. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला खडे बोल सुनावले, कॉलेजच्या आदेशाला स्थगिती दिली आणि उरलेले पेपर देता यावेत म्हणून तिला त्याच दिवशी सोडायला सांगितलं.