चांगल्या चारित्र्याची अट आणि जरीपटक्यातली एक फाइल

नागपूरच्या जरीपटक्यातल्या एका किराणा दुकानदार काकांनी गेल्या वर्षी त्यांची फाइल माझ्यासमोर उघडली. पाकिस्तानचा जुना पासपोर्ट, लाँग टर्म व्हिसाच्या, म्हणजे इथे दीर्घकाळ राहण्याच्या परवानगीच्या, मुदतवाढीचे कागद आणि सगळ्यांत खाली, घड्यांवर विरलेली, कोर्टाच्या आदेशाची नक्कल. वीसेक वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नासाठी ते परवानगी न घेता अमरावतीला गेले होते. व्हिसा नागपूरपुरता होता. विदेशी व्यक्तींच्या १९४६ च्या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, दंड झाला, त्यांनी तो त्याच दिवशी भरला. आता नागरिकत्वाचा अर्ज करायचा, तर कायद्यातल्या ‘चांगल्या चारित्र्या’च्या अटीचं काय, हा त्यांचा प्रश्न.

त्याच गल्लीत १९४८ च्या सुरुवातीला सिंधमधून आलेलं एक कुटुंब राहतं. त्यांच्या आजोबांना चारित्र्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदात तशी अटच नाही. १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्याने स्वतःचा, आईवडिलांचा किंवा आजी-आजोबांचा जन्म अखंड भारतातला असल्याचं आणि आल्यापासून इथेच राहत असल्याचं दाखवलं की पुरे. त्यानंतर आलेल्याला सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर अर्ज करून नाव नोंदवावं लागे. नागरिकत्वाची कलमं संविधान सभेत १९४९ च्या ऑगस्टमध्ये चर्चेला आली, तेव्हा बाबासाहेब आंबेडकर म्हणाले होते, की एक कलम सोडलं तर मसुदा समितीला इतकी डोकेदुखी दुसऱ्या कशाने झाली नाही. ती डोकेदुखी तारखांची होती, परवान्यांची होती. जीव मुठीत धरून आलेल्या माणसाच्या वागणुकीचा दाखला मागावा, असं त्या अनुच्छेदांत कुठेच आलं नाही.

अट आली ती वेगळ्या वाटेने. ब्रिटनच्या १९१४ च्या कायद्यात परक्याला प्रजाजन करून घेण्यासाठी राहण्याच्या मुदतीबरोबर आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या: चारित्र्य चांगलं हवं आणि इंग्रजी पुरेशी यायला हवी. भारतासाठीच्या १९२६ च्या कायद्याने चारित्र्य तसंच ठेवलं, इंग्रजीच्या जागी इथली प्रमुख देशी भाषा आणली. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत तीच जोडी पुन्हा आली. भाषा आता घटनेच्या आठव्या अनुसूचीतली. राहण्याची मुदत पुढे वाढत गेली, २००३ च्या दुरुस्तीने अर्जाआधीचं सलग एक वर्ष आणि त्यापूर्वीच्या चौदा वर्षांत एकूण अकरा वर्षं इतकी झाली. ‘चांगलं चारित्र्य’ म्हणजे काय, हे मात्र कायद्याने कधीच सांगितलं नाही. कोणता गुन्हा आड येतो, किती वर्षांनी तो मागे पडतो, निर्दोष सुटलेल्याचं काय, यावर त्यात एक ओळ नाही.

ही मोकळी जागा आधी शेजाऱ्यांनी भरली. अर्जासोबत दोन भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रं लागत, शिवाय आपण अर्ज करत आहोत अशी जाहिरात जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रात वेगवेगळ्या तारखांना द्यावी लागे. विचार चांगला होता. माणूस कसा आहे हे त्याच्या गल्लीला माहीत असतं. पण हळूहळू खरं वजन गेलं पोलीस ठाण्याच्या अहवालाला, विशेष शाखेला आणि गुप्तवार्ता विभागाला. अहवालाला संदर्भ कळत नाही. अमरावतीचं लग्न आणि घरफोडी, दोन्ही तिथे ‘गुन्हा नोंद आहे’ याच तीन शब्दांत येऊ शकतात. पोलिसांच्या वहीतल्या नोंदीलाच चारित्र्य मानलं की काय होतं, हे विदर्भातल्या पारध्यांना विचारावं. अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय अजून गेलेला नाही.

त्यात नागरिकत्व कायद्याचं १४ वं कलम आहे. अर्ज नाकारताना कारण सांगण्याचं बंधन सरकारवर नाही. मला या सगळ्या कायद्यातली सर्वांत कठोर गोष्ट हीच वाटते. खालच्या अधिकाऱ्याने नाकारलं तर तीस दिवसांत केंद्राकडे फेरतपासणी मागता येते, पण कारणच माहीत नसेल तर माणसाने मागायचं काय?

२०१६ मध्ये काही गाठी सुटल्या. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन अर्जदारांना नागरिकत्व देण्याचा अधिकार १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना मिळाला. त्यांत महाराष्ट्रातले मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर होते. दिल्लीकडे बघत बसलेल्या फायली नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयातच हलू लागल्या. त्याच वर्षी या लोकांना राज्यभर फिरण्याची मोकळीक मिळाली. म्हणजे काकांना ज्यासाठी दंड झाला, तो आज गुन्हाच नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने याच समाजांपैकी ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी राहण्याची अकरा वर्षांची मुदत पाच वर्षांवर आणली. बेकायदा स्थलांतराचा खटला चालू आहे एवढ्यावरून अर्ज अडवता येणार नाही आणि नागरिकत्व मिळताच तो खटला संपेल, असंही तिने म्हटलं. चोरी-मारामारीच्या खटल्यांना हे लागू नाही. मार्च २०२४ च्या नियमांनी शेजारी परत आणला, पण एकटा: चारित्र्याबद्दल आता एका भारतीय नागरिकाचं प्रतिज्ञापत्र लागतं.

जुनी केस लपवण्याचा सल्ला देणारे एजंट आहेत. तो सल्ला घातक आहे. खोटी माहिती दिल्यास १७ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि लबाडीने मिळवलेलं नागरिकत्व दहाव्या कलमाखाली काढूनही घेता येतं. नागरिकत्व मिळाल्यावर पाच वर्षांत कुठल्याही देशात दोन वर्षं किंवा जास्त कैदेची शिक्षा झाली, तरी तेच कलम लागू शकतं.

काकांनी केस लिहिली. विरलेल्या कागदाऐवजी कोर्टातून आदेशाची नवी प्रमाणित नक्कल काढली, दंडाची पावती जोडली. प्रतिज्ञापत्र दिलं समोरच्या घरातल्या निवृत्त मास्तरांनी. नोटरीने मजकूर वाचून दाखवला, तेव्हा मास्तरांनी एक वाक्य हाताने वाढवून घेतलं: अमरावतीच्या त्या लग्नाला मीही गेलो होतो.