पाटी, पेन्सिल आणि ‘पूर्वतयारी’: पुण्यातल्या बालवर्गांची पार्श्वभूमी

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात अप्पा बळवंत चौकात तासभर उभं राहिलं, की बालशिक्षणाची सद्यःस्थिती कळायला वेगळी पाहणी लागत नाही. शाळेची यादी काउंटरवर टेकवली की दुकानातला मुलगा मान वर न करता विचारतो, “ज्युनिअर की सीनिअर?” आणि गठ्ठा बांधून देतो. चाररेघी वही, दुरेघी वही, चौकटींची वही आणि एक पातळ, गुळगुळीत मुखपृष्ठाचं पुस्तक. मुखपृष्ठावर ससा किंवा अस्वल, आणि नाव ‘लेखनपूर्व तयारी’. आत पहिल्या पानापासून ठिपके. उभी रेघ, आडवी रेघ, तिरपी रेघ, अर्धगोल, मग ‘ग’. हे सगळं चार वर्षांच्या मुलासाठी.

‘लेखनपूर्व तयारी’ हा शब्द आम्ही बालवाडी शिक्षिकेच्या प्रशिक्षणात शिकलो तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. तेव्हा लेखनपूर्व तयारीची यादी वहीत उतरवून घ्यावी लागे, आणि ती परीक्षेला हमखास विचारत. मणी ओवणे, कागद फाडणे, चुरगाळणे, कणीक मळणे, गुंजा आणि चिंचोके निवडणे, ओलं फडकं पिळणे, गुडघ्याएवढ्या उंचीवर रंगवलेल्या फळ्यावर अख्खा हात फिरवून गोल काढणे, रांगोळी चिमटीतून सोडणे. पेन्सिल त्या यादीत कुठेच नव्हती. यादी पाठ म्हणताना कुणी ‘पाटीवर रेघा’ म्हटलं तर मार्क जात. म्हणजे पेन्सिल लांब ठेवता यावी म्हणून जो शब्द वापरात आला, तोच आज पेन्सिल हातात देणाऱ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत नेमकं काय झालं हे पाहायचं, तर थोडं मागे जावं लागतं. फार मागे जायचं कारण नाही.

पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, तीत बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचं, हलवलं की पाटी कोरी. ‘धुळाक्षरं’ आणि ‘ओनामा’ हे शब्द तिथलेच, आणि ‘गिरवणे’ हे क्रियापदही त्याच संस्कृतीतलं. गंमत अशी, की आज भारी फी घेणाऱ्या वर्गात जो ‘सँड ट्रे’ कौतुकाने दाखवतात, तो धूळपाटीचाच नातू. जर्मनीत फ्रोबेलने १८४० साली आपल्या वर्गाला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, घड्या, विणकाम ही त्याची साधनं. पुढे १८५१ साली प्रशियाच्या सरकारने या बागांवर बंदीच घातली आणि ती १८६० पर्यंत टिकली. मुलांना खेळू दिलं म्हणून सरकार घाबरल्याचं हे एक जुनं उदाहरण, एवढंच त्याबद्दल.

खरा गुंता माँटेसरीपासून सुरू होतो. रोममध्ये १९०७ साली सुरू झालेल्या तिच्या बालगृहात चार-पाच वर्षांची मुलं आपणहून लिहू लागली, तीही वाचता येण्याआधी. त्यामागे महिनोन्‌महिन्यांचं काम होतं. खरकागदाच्या, म्हणजे सँडपेपरच्या, अक्षरांवरून दोन बोटं फिरवणं, धातूच्या साच्यांच्या कडेने रेघ मारून आतला भाग भरणं, सुट्या अक्षरांनी शब्द रचणं. आता याचा अर्थ काय लावायचा? लवकर लिहायला शिकवावं की नाही या वादातली एक बाजू म्हणते, पाहा, तिनेही सहाच्या आत लिहायला लावलं. दुसरी म्हणते, लावलं नाही. हात तयार झाला तेव्हा मूल लिहितं झालं. दोन्ही बाजू तिचंच नाव घेतात. पुण्यात ‘माँटेसरी’ अशी पाटी लावलेल्या निम्म्या वर्गांत खरकागदाचं एकही अक्षर सापडत नाही, ही आणखी तिसरी बाजू. माझं मत विचाराल तर दुसऱ्या बाजूचं वाचन बरोबर आहे, पण त्यातही पळवाट आहे. ‘तयारी’ म्हटलं, की कशाची आणि कधीपर्यंत हे ठरवायचा अधिकार मोठ्यांकडे जातो.

ही पद्धत आपल्याकडे उतरली ती आधी भावनगरला, १९२० साली, आणि मग १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला. तिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींनी केलेलं काम मराठी वाचकाला नव्याने सांगायची गरज नाही. त्यांतल्या धाकट्या अनुताईंचा जन्म पुणे जिल्ह्यातला, मोरगावचा, एवढं आपल्यापुरतं. त्यांनी केलेला एक बदल मात्र इथे महत्त्वाचा. माँटेसरी साधनांचा संच महाग, आदिवासी पाड्यावर तो यायचा कुठून? मग दगड, बिया, पानं, शिंपले, बांबू. मुलं शाळेत येत नाहीत तर वर्ग मुलांच्या अंगणात. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा. याच वळणाने लेखनपूर्व तयारी म्हणजे परिसरातल्या वस्तू हाताळणं, हा अर्थ मराठीत पक्का झाला. आम्ही पाठ केलेली यादी त्याच घरची.

सरकारने १९७५ साली, २ ऑक्टोबरला, ३३ विकासगटांमध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. महाराष्ट्रात पहिला गट मेळघाटातला धारणी. योजनेने अंगणवाडी हे नाव घेतलं, पण भर पोषणावर आणि लसीकरणावर राहिला. शिकवण्याचा भाग सहा सेवांपैकी एक.

पुण्यात याच सुमाराला वेगळंच घडत होतं. पेठांमधल्या आणि डेक्कनच्या नावाजलेल्या मराठी शाळांनी शिशुवर्ग जोडून घेतले. आधी बालकमंदिरं सुटी असत. एखाद्या वाड्याच्या ओसरीवर, देवळाच्या सभामंडपात, कुणा बाईंच्या दोन खोल्यांत. ती मुलं पुढे हवी त्या शाळेत जात. शिशुवर्ग शाळेला जोडला गेला आणि तो पहिलीच्या रांगेतला पहिला नंबर झाला. मोठ्या शिशूत असलात तर पहिली नक्की. मग मोठ्या शिशूसाठी लहान शिशू, त्यासाठी खेळवर्ग, आणि सगळ्याच्या दारात तीन वर्षांच्या मुलाची मुलाखत. “हा कुठला रंग? बाबा काय करतात?” त्या काळात सदाशिव पेठेत मुलाखतीची शिकवणी घेणाऱ्या बाई होत्या. मी अतिशयोक्ती करत नाही. माझ्या मावशीने भाचीला तिथे पाठवलं होतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात १९८६ साली स्वच्छ लिहिलं होतं, की या वयात औपचारिक पद्धती आणि लेखन-वाचन-गणिताची सुरुवात टाळावी. राज्याच्या १९९६च्या कायद्याने बालवर्ग प्रवेशासाठीच्या चाचण्या आणि मुलाखतींना बंदी घातली. पुढे २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानेही मुलाची आणि पालकांची छाननी करायला मनाई केली. मुलाखत गेली, पण ज्या अपेक्षेपोटी ती होती ती अपेक्षा गेली नाही. ती दारातून उठून वहीत जाऊन बसली.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी, शाळेचं नाव घेत नाही, जानेवारीच्या पालकसभेत एका वडिलांनी शेजारच्या मुलाची वही टेबलावर ठेवली. दोन गल्ल्या पलीकडच्या इंग्रजी शाळेची. ए ते झेड, एक ते शंभर, लाल पेनने तारे. “आमचा काय करतो?” आम्ही यादी सांगितली, मणी, माती, फडकं. ते हसले नाहीत, हे त्यांचं सौजन्य. पुढच्या वर्षी पटावर सात मुलं कमी झाली आणि दिवाळीनंतर वह्या आल्या. आमच्या मुख्य बाईंनी पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘लेखनपूर्व तयारी’. त्यांची चूक काढायची नाही. वर्ग चालवायचा होता, आणि प्रशिक्षित बायकांना पटेल असा तो एकच शब्द हाताशी होता.

त्या वर्गात एक मुलगा फरशीवर खडूने मालगाड्या काढायचा. दारापासून मोरीपर्यंत, डबे मोजत. मार्चमध्ये त्याने मला विचारलं, “बाई, काढू का, का चुकेल?”

हाताचं काय चालतं, हे एकदा जवळून पाहायला हवं. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतल्या एका बालवाडीत चार वर्षांची मुलगी फडकं पिळत होती. दोन्ही मुठी घट्ट, पण दोन्ही एकाच दिशेला वळत होत्या, त्यामुळे फडकं नुसतंच फिरायचं, पाणी निघायचं नाही. ताईने शेजारी बसून आपलं फडकं पिळलं, बोलली काही नाही. तिसऱ्या दिवशी डावी मूठ पुढे आणि उजवी मागे गेली, आणि बादलीत धार पडली. दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळी कामं करणं लिहितानाही लागतं. एक हात कागद धरतो, दुसरा चालतो. चिमटीने राजमा उचलताना ज्या तीन बोटांची पकड बसते, तीच पेन्सिलला लागते. मनगटातली आठ हाडं जन्मतः कूर्चेची असतात आणि एकेक करून वर्षानुवर्षं घट्ट होत जातात, शेवटचं तर नऊ-दहा वर्षांच्या पुढे. पालकसभेत हल्ली या हाडांचे एक्स-रे पडद्यावर दाखवतात आणि त्यांचा परिणाम होतो. पण हाड झालं की लिहायचं, इतकं ते सरळ नाही. मुलाला काहीतरी सांगायचं असावं लागतं, आणि ते एक्स-रेत दिसत नाही. ज्या वर्गात रोज गोष्ट होते आणि गोष्टीवर मुलांना बोलू दिलं जातं, त्या वर्गातली मुलं आपलं चित्र घेऊन येतात आणि म्हणतात, “ताई, याच्या खाली लिही, हा माझा मामा आहे.” लेखन काय असतं हे त्या मुलाला कळलेलं असतं.

त्यानंतर २०२० आलं आणि शब्दाचा पार गुंता झाला. नव्या राष्ट्रीय धोरणाने ३ ते ८ वर्षं हा सलग पायाभूत स्तर मानला, म्हणजे बालवर्गाची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. पहिलीच्या आधीच्या वर्षाला धोरण म्हणतं ‘पूर्वतयारी वर्ग’ किंवा ‘बालवाटिका’. त्याच धोरणात तिसरी ते पाचवीला नाव आहे ‘पूर्वतयारी स्तर’. केंद्रीय विद्यालयांत बालवाटिका एकाची तीन झाली: १, २ आणि ३. शिक्षण हक्क कायद्याचं ११वं कलम तीन वर्षांवरच्या मुलांना प्राथमिक शिक्षणासाठी ‘तयार करण्याच्या दृष्टीने’ सोय करायला सांगतं, पण सरकारला ‘करता येईल’ एवढ्याच भाषेत. राज्यात २०२२पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी ‘शाळापूर्व तयारी’चे मेळावे भरतात. त्यांत उड्या मारणं, वर्गीकरण, गप्पा अशी टेबलं असतात आणि मातांचे गट केले जातात. मी पाहिलेले चांगले होते. पण एवढ्या तयाऱ्यांमध्ये ताईने कुठली धरायची? एका कार्यशाळेत मी हा प्रश्न विचारला तेव्हा व्यासपीठावरून उत्तर आलं, “सगळ्या एकच आहेत.” नाहीत. एक हाताची आहे, एक पहिलीची, एक वयोगटाचं नाव आहे आणि एक एप्रिल-जूनमधला कार्यक्रम.

पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा ऑक्टोबर २०२२मध्ये आला. तीन ते सहा वयोगटाला विहित पाठ्यपुस्तक नको, असं तो म्हणतो. सोबत गरजेनुसार साध्या वर्कशीटला परवानगी देतो. पुण्यातल्या साखळी-नर्सऱ्यांनी वाक्याचा दुसरा भाग तेवढा वाचला. वाकड-हिंजवडीच्या बाजूला आता वही नसल्याची जाहिरात होते आणि मूल आठवड्याला वीस वर्कशीट भरतं.

यात वयाच्या तारखेची भर. राज्यात पहिलीला सहा वर्षं हवीत, पण ती ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण झाली तरी चालतात. म्हणजे डिसेंबरअखेरीस जन्मलेलं मूल जूनमध्ये साडेपाच वर्षांचं असताना पहिलीत बसतं आणि नर्सरीत जातं अडीचाव्या वर्षी. त्याच पुस्तकातले तेच ठिपके, शेजारी जानेवारीतलं जवळजवळ वर्षाने मोठं मूल. धाकट्याच्या नावापुढचा ‘मागे पडतंय’ हा शेरा बहुतेक वेळा कॅलेंडरचा असतो. फेब्रुवारी २०२४मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश निघाला, त्यावर मात्र शहरात जोरात चर्चा झाली. दोन सत्रांच्या शाळांना वर्ग पुरेनात, रिक्षाकाकांच्या फेऱ्या बिघडल्या. झोपेबद्दल लोक भांडले याचा मला आनंदच झाला. तारखेबद्दल भांडताना दिसतात ते मूल लवकर बसावं म्हणून.

अंगणवाड्या महिला व बालविकास खात्याकडे आणि पहिली शालेय शिक्षणाकडे. बंगल्याच्या तळमजल्यावरची नर्सरी प्रत्यक्षात दोघांच्याही नजरेआड असते. अंगणवाड्यांसाठी राज्याने ‘आकार’ नावाचा अभ्यासक्रम आणला. त्यात आमच्या जुन्या यादीतलं बरंचसं सापडतं, मण्यांपासून मातीपर्यंत. आमच्या भागातल्या अंगणवाडीत पट भरलेला असतो, पण साडेदहाला वर्ग अर्धा. उरलेली मुलं वजनाला आणि खाऊला येतात आणि एरवी पलीकडच्या नर्सरीत असतात. एका आईला सहज विचारलं, तेव्हा ती मुलीच्या दप्तराची चेन लावत म्हणाली, “ताई चांगल्या आहेत हो, पण तिथं नुसतं खेळवतात.”