आयव्हीएफ यशस्वी झालं नाही: पुढची तारीख घेण्याआधी

रिपोर्ट निगेटिव्ह आला की बहुतेक जोडपी एकच प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात: पुढची सायकल, म्हणजे उपचाराची पुढची फेरी, कधी करायची? आमचं उत्तर ठरलेलं आहे. आधी फाइल आणा. आम्ही उपचार करत नाही, कुठल्या क्लिनिककडून कमिशनही घेत नाही. फाइल समजावून सांगणं आणि निर्णय घेताना सोबत बसणं, एवढंच आमचं काम.

घरच्या किटवर एकच रेघ दिसली म्हणून गर्भ टिकावा यासाठी दिलेलं प्रोजेस्टेरॉन हे औषध परस्पर बंद करू नका. गर्भ राहिला का हे सांगणारी रक्ताची बीटा एचसीजी तपासणी होऊ द्या, डॉक्टर सांगतील तेव्हाच थांबवा. आणि जिना चढली, स्कूटरवर बसली, पडून राहिली नाही, असा हिशेब घरात कुणी मांडत असेल तर हे पत्रक त्यांच्या हाती द्या. ट्रान्सफरनंतर, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडल्यावर, अंथरुणाला खिळून राहिल्याने यश वाढत नाही.

सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाचा (एआरटी) कायदा, २०२१ प्रमाणे केलेल्या प्रक्रियेचा तपशील असलेलं डिस्चार्ज सर्टिफिकेट क्लिनिकने द्यायचं असतं. ते मागायला संकोच कसला? सोबत लॅबच्या नोंदीही मागा. स्त्रीबीजं किती निघाली, त्यातली पक्व किती, फलित किती झाली, पाचव्या दिवसापर्यंत किती टिकली, हे पाहायचं. बीजंच कमी निघाली असतील तर इंजेक्शनांचा डोस किंवा पद्धत बदलण्याबद्दल विचारा. फलनच झालं नसेल तर शुक्राणूंकडे पुन्हा पाहावं लागतं; अजूनही सगळ्या तपासण्या बाईच्याच होतात, हे आम्हाला खटकतं. गर्भ चांगला असून रुजला नसेल, तर गर्भाशयाचा टीबी किंवा गर्भनळीत साठलेलं पाणी यांची तपासणी झाली आहे का, ते विचारा. पण सगळं नीट असूनही एखादा गर्भ रुजत नाही. बरेचदा दोष गुणसूत्रांत असतो आणि वयाबरोबर त्याचं प्रमाण वाढतं.

गोठवलेले गर्भ शिल्लक असतील तर पुढच्या वेळी बीजं काढावी लागत नाहीत, खर्चही कमी येतो. नसतील तर आधी आकडा ठरवा: किती रक्कम, किती प्रयत्न. दागिने गहाण टाकण्याआधी ठरवा, नंतर नाही. ‘तीन सायकलचं पॅकेज’ घेताना मध्येच थांबलात तर पैसे परत मिळतात का, ते लेखी घ्या.

वय किंवा बीजांची संख्या आड येत असेल तर दात्या स्त्रीचं बीज हा मार्ग आहे. कायद्याने तिचं वय २३ ते ३५ लागतं. दत्तकाचा विचार असेल तर ‘कारा’ या दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे नियम आत्ताच वाचा: दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज नोंदणीच्या दिवशी ८५ पेक्षा जास्त चालत नाही. उपचारांत गेलेल्या प्रत्येक वर्षामागे ही बेरीज दोनने वाढते. आणि थांबायचं ठरवलंत, तर तोही पुरता निर्णय आहे. त्याचा खुलासा नातेवाइकांना देणं लागत नाही.

भेटीला दोघंही या. फाइल, सोनोग्राफीचे रिपोर्ट, वीर्यतपासणीचा कागद आणि बिलं आणा. सासूबाई किंवा आई सोबत येणार असतील तर आधी कळवा, त्यांच्याशी वेगळं बोलतो.