बर्डीवरच्या टी-शर्टवरची ती कवटी कुणाची? मिसफिट्स बँडची पार्श्वभूमी

नागपुरात बर्डीला मेन रोडवर जे काळे टी-शर्ट टांगलेले असतात ना, त्यात एक कवटी हमखास असते. दात विचकलेले, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे. कॉलेजचे पोट्टे ती घालून धरमपेठेपासून फुटाळ्यापर्यंत फिरतात आणि विचारलं की हे काय आहे बे, तर 'काही नाही, स्कल आहे' एवढंच. तर ती नुसती स्कल नाही, मिसफिट्स नावाच्या अमेरिकन बँडची खूण आहे, आणि गंमत म्हणजे ती त्यांचीही मूळची नाही. १९४६ साली 'द क्रिम्झन घोस्ट' नावाची बारा भागांची सिनेमा-मालिका आली होती, तिच्यातला व्हिलन हा मुखवटा घालायचा, तिथून यांनी उचलला. पुढे त्याच्या धंद्यावरून बँडमधलेच दोघं कोर्टात गेले. ह्या बँडची कहाणी वाचताना मला तरी सारखं हेच वाटतं की माणसं आली, भांडली, निघून गेली, गायक बदलला, ड्रमर तर किती झाले विचारू नका, पण धंदा चालू ठेवला तो त्या कवटीनं.

रॉकमध्ये भुताखेताचा मसाला टाकणारे हे काही पहिले नव्हेत. १९५० च्या दशकात स्क्रीमिन जे हॉकिन्स स्टेजवर शवपेटीतून उठून गायचा, सत्तरच्या दशकात ॲलिस कूपरनं गिलोटिन आणि नकली रक्त आणलं, आणि बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथनं तर नावच बोरिस कार्लॉफच्या हॉरर सिनेमावरून घेतलं. नागपूरकराला यात नवल वाटायचं कारण नाही म्हणा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते तेव्हा तो भयंकर चेहऱ्याचा पुतळा बघायला आपण लेकरांना खांद्यावर घेऊन इतवारीत उभे असतो, ढोल-ताशे वाजत असतात, 'घेऊन जा गे मारबत' म्हणून सगळे ओरडतात, आणि घाबरत कोणीच नाही. भीतीचा चेहरा मधे ठेवून भोवती धिंगाणा घालायचा हे आपल्याकडे १८८० च्या दशकापासून चालू आहे. मिसफिट्सनं तेच केलं, फक्त ढोलाच्या जागी तीन कॉर्ड आणि सुसाट स्पीड.

सुरुवात १९७७ ची, न्यू जर्सीतलं लोडाय नावाचं लहानसं गाव. तिथला ग्लेन ॲन्झालोन, जो पुढे ग्लेन डॅन्झिग म्हणून ओळखला गेला, त्यानं बँड काढला आणि मॅरिलिन मन्रोच्या शेवटच्या पूर्ण झालेल्या सिनेमाचं नाव त्याला दिलं. ड्रमवर मॅनी मार्टिनेझ आणि बासवर जेरी कायाफा, ज्याच्या हातात बास नुकताच आला होता. गिटार? गिटार नव्हतीच. पहिली सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड, 'कफ/कूल' ऐका, त्यात डॅन्झिग इलेक्ट्रिक पियानो वाजवतोय, तोही आवाज फाडून घरघरता केलेला, त्यामुळे पंक, म्हणजे साधं, धडाधड वाजणारं रॉक, ऐकायला बसलेला माणूस दोन मिनिटं गोंधळून जातो. त्याच रेकॉर्डवर जेरीचं आडनाव चुकीचं छापलं गेलं, तर पोट्टा वैतागून म्हणाला की पुढच्या वेळी जेरी लिहा, फक्त जेरी. झालं, तो जन्माचा 'जेरी ओन्ली' झाला.

रेकॉर्ड काढली ती स्वतःच्याच लेबलवर, नाव ब्लँक रेकॉर्ड्स. आणि हे नाव त्यांना लॉटरीसारखं फळलं, कारण मर्क्युरी रेकॉर्ड्स ह्या मोठ्या कंपनीला तेच नाव हवं होतं पण ट्रेडमार्क डॅन्झिगकडे. मग सौदा झाला, नाव तुम्ही घ्या आणि आम्हाला ३० तास स्टुडिओ द्या. तोवर मॅनी बँड सोडून गेला होता, ड्रमवर मिस्टर जिम आणि गिटारवर फ्रांशे कोमा आले होते, ह्या चौघांनी जानेवारी १९७८ मध्ये ते तास वापरून अख्खा अल्बम रेकॉर्ड केला, 'स्टॅटिक एज'. कुठल्याच लेबलनं तो घेतला नाही. त्यातली चार गाणी 'बुलेट' नावाच्या ईपीवर (अल्बमहून छोटी रेकॉर्ड) त्यांनी स्वतःच काढली, पण पूर्ण अल्बम लोकांच्या हातात पडला तो थेट १९९६-९७ मध्ये, म्हणजे जवळपास एकोणीस वर्षांनी, बँड एकदा मरून परत उभा राहिल्यावर. माझ्या मते त्यांचं सगळ्यात चांगलं काम त्याच डब्यात पडून होतं, पण असो.

आतापर्यंत हा हॉरर बँड वगैरे नव्हता हे लक्षात घ्या. 'बुलेट' हे गाणं केनेडीच्या खुनावर आहे. हॉररचा रंग खरा चढला १९७९ पासून, गिटारवर बॉबी स्टील आणि ड्रमवर जोई इमेज आल्यावर. त्या वर्षी 'हॉरर बिझनेस' आली आणि तिच्या कव्हरवर ती कवटीवाली आकृती. आतमध्ये एक कागद टाकलेला, त्यावर लिहिलेलं की हे रेकॉर्डिंग भुताटकीच्या घरात झालंय, प्रत्यक्षात सरळ न्यूयॉर्कच्या स्टुडिओत झालेलं. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनच्या मुहूर्तावर, झोंबीवाली पुढची सिंगल. स्वतःचं नवीन लेबलसुद्धा प्लॅन नाईन, एका बदनाम बी-ग्रेड सिनेमावरून. जेरीनं केस पुढं ओढून नाकावरून खाली लटकणारी एक लांब बट काढली, तिला डेव्हिललॉक म्हणतात, डोळ्यांभोवती काळं फासलं, कपड्यांवर हाडं रंगवली, आणि चाहत्यांसाठी फीन्ड क्लब निघाला. ह्या सगळ्याला पैसा किती लागला असेल? काहीच नाही हो. रंग, कात्री आणि मध्यरात्री टीव्हीवर लागणारे जुने सिनेमे.

लंडनची ट्रिप मात्र फसली. १९७९ च्या शेवटी द डॅम्ड ह्या इंग्लिश बँडसोबत टूर करायला गेले, त्यांचा गायक डेव्ह व्हॅनियन आधीपासूनच ड्रॅक्युलासारखा फिरायचा त्यामुळे जोडी जमायला हवी होती, पण पोचल्यावर कळलं की ठरलं होतं असं आपल्याला वाटत होतं तसं काही ठरलेलंच नाही. थोडेच शो करून सोडलं. मग डॅन्झिग आणि बॉबी स्टील स्किनहेड पोरांशी मारामारीत सापडले आणि ब्रिक्स्टनच्या जेलात जाऊन बसले. त्यातून 'लंडन डन्जन' हे गाणं निघालं, आणि जोई इमेज बँड सोडून गेला तो वेगळाच.

१९८० मध्ये बॉबी स्टीलची गच्छंती झाली आणि त्याच्या जागी आला जेरीचा सोळा वर्षांचा धाकटा भाऊ पॉल, ज्याचं स्टेजवरचं नाव डॉयल वुल्फगँग फॉन फ्रँकेनस्टाईन. नाव वाचताना दम लागतो. स्टीलनं द अनडेड नावाचा स्वतःचा बँड काढला. बरेच जण म्हणतात की गिटार म्हणून स्टील जास्त बरा होता, असेलही, पण डॉयल आल्यावर बँड जसा दिसायला लागला ना तसा आधी कधी दिसला नव्हता, एका बाजूला हा धिप्पाड भाऊ, दुसऱ्या बाजूला जेरी, दोघांच्या बटा लोंबतायत आणि मधे बुटका दणकट डॅन्झिग छाती काढून. शिवाय भाऊ भावाला सोडून कुठं जाणार, म्हणून तीन जागा पक्क्या झाल्या. चौथी, ड्रमची, कधीच पक्की झाली नाही. आर्थर गूगी आला, त्याच्यासोबत १९८२ च्या मार्चमध्ये 'वॉक अमंग अस' निघाला, लोकांपर्यंत पोचलेला पहिला पूर्ण अल्बम, आणि त्याच वर्षी गूगी गेला. कशावरून? मॅकडोनाल्ड्समध्ये चीजबर्गरवरून डॅन्झिगशी वाजलं. खरंच.

मग रोबो, जो ब्लॅक फ्लॅग ह्या पंक बँडचा ड्रमर, मूळचा कोलंबियाचा, व्हिसाच्या लफड्यामुळे तिथून सुटलेला. त्याच्यासोबतच्या टूरमध्ये ऑक्टोबर १९८२ ला न्यू ऑर्लिन्सला शो झाल्यावर हे महाशय रात्री कब्रस्तानात शिरले, व्हूडूवाल्या मारी लॅव्होची कबर बघायला म्हणून, आणि पोलिसांनी धरलं. वरून कबरी उकरल्याचा आळ. हॉरर बँडला याहून स्वस्त पब्लिसिटी काय मिळणार.

आता गाण्याबद्दल, कारण टी-शर्टच्या नादात हेच राहून जातं. मिसफिट्सला हॉरर पंक म्हणतात आणि बाकीच्या शेकडो हॉरर पंक बँडांत आणि यांच्यात फरक आहे तो डॅन्झिगच्या गळ्याचा. त्या काळातले पंक गायक भुंकायचे नाहीतर नाकातून बोलायचे, हा चक्क गायचा, जाड खर्जातला आवाज, एल्विस आणि रॉय ऑर्बिसनच्या वळणाचा. खाली गिटार-बासचा ठोका, रामोन्स ह्या न्यूयॉर्कच्या पंक बँडछाप, सगळे फटके वरून खाली, सोलोबिलो काही नाही, आणि वर मात्र पन्नासच्या दशकातल्या नाक्यावर नुसत्या गळ्यांवर गाणाऱ्या डू-वॉप टोळक्यांसारखी गोड चाल. कोरसमध्ये तर शब्दही कमी, नुसतं 'वोऽऽ ओऽऽ', जे इंग्रजी न येणाराही दुसऱ्या फेरीला गाऊ शकतो. शब्द बघाल तर मंगळावरून आलेले, मेंदू खाणारे, कापलेली डोकी, पण चाल अशी की आंघोळ करताना गुणगुणाल, आणि मग एकदम ध्यानात येतं आपण काय गुणगुणतोय ते. त्यांची भीती ही सिनेमाच्या पोस्टरवरची भीती आहे, ब्लॅक सॅबथसारखी पोटात गोळा आणणारी नाही, आणि बँडला ते पुरेपूर ठाऊक होतं. 'वॉक अमंग अस'मध्ये तेरा गाणी आहेत आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत आटोपतात, त्यामुळे कंटाळायला वेळच नाही.

१९८३ चा 'अर्थ ए.डी.' मात्र वेगळंच प्रकरण. नऊ गाणी, जेमतेम पंधरा मिनिटं. चाल गेली, स्पीड राहिला. थ्रॅश, म्हणजे सुसाट स्पीडच्या मेटलवाल्यांना हाच अल्बम देवासारखा, मला विचाराल तर गळा असलेल्या माणसाला नुसतं ओरडायला लावलंय. तोवर आतून बँड फाटलेलाच होता, रोबो गेला होता, आणि २९ ऑक्टोबर १९८३ ला डेट्रॉईटच्या शोमध्ये नवा ड्रमर ब्रायन डॅमेज इतका पिऊन आलेला की त्याला मधूनच उठवून नेक्रोस बँडच्या ड्रमरला बसवावं लागलं. त्याच स्टेजवरून डॅन्झिगनं जाहीर केलं, हा आमचा शेवटचा शो.

इथं गोष्ट संपायला हवी होती. डॅन्झिगनं आधी सॅमहेन आणि मग स्वतःच्या आडनावाचा बँड काढला. पण मिसफिट्स मेल्यावर मोठे झाले आणि ते मेटालिका ह्या मेटल बँडमुळे. त्यांचा बासवाला क्लिफ बर्टन मिसफिट्सचा टी-शर्ट घालायचा, हातावर ती कवटी गोंदवलेली, आणि १९८७ च्या ईपीवर मेटालिकानं यांची दोन गाणी जोडून वाजवली. पुढे १९९३ ला गन्स अँड रोझेसनंही एक घेतलं. आपल्याकडच्या बऱ्याच जणांपर्यंत मिसफिट्स पोचले ते असेच, मेटालिकाच्या कॅसेटच्या मागच्या दारानं.

नाव चालायला लागलं की पैसा येतो आणि पैसा आला की वकील. जेरीनं नावाचा हक्क मागितला, बरीच वर्षं कोर्टबाजी चालली आणि १९९५ च्या तडजोडीत असं ठरलं की मिसफिट्स म्हणून वाजवायचं आणि रेकॉर्ड काढायचं ते जेरी-डॉयलनं, आणि टी-शर्टबिर्टच्या धंद्यात डॅन्झिग आणि जेरी दोघांचा वाटा. मग मायकल ग्रेव्ह्ज नावाचा वीस-एक वर्षांचा नवा गायक, ड्रमवर डॉक्टर चड, आणि १९९७ ला 'अमेरिकन सायको', १९९९ ला 'फेमस मॉन्स्टर्स'. हॉररचा मेकअप आधीपेक्षा डबल. ऑक्टोबर २००० मध्ये ऑर्लँडोला चालू शोमधून ग्रेव्ह्ज आणि चड दोघंही निघून गेले, थोड्या दिवसांनी डॉयलही. जेरी एकटा उरला, मग तोच गायला लागला, ब्लॅक फ्लॅगचा डेझ कडेना गिटारवर, रामोन्सचा मार्की ड्रमवर, मधे रोबोही परत येऊन गेला, नंतर जेरीचा स्वतःचा मुलगा गिटारवर. ह्या काळातलं फारसं काही ऐकलं नाही तरी चालेल.

२०१४ मध्ये डॅन्झिगनं टी-शर्टच्या धंद्यावरून जेरीवर परत केस केली, ती कोर्टानं काढून टाकली. आणि दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये, डेन्व्हर आणि शिकागोच्या रायट फेस्ट ह्या संगीत महोत्सवात डॅन्झिग, जेरी आणि डॉयल तेहतीस वर्षांनी एका स्टेजवर, ड्रमवर स्लेयर ह्या मेटल बँडचा आधीचा ड्रमर डेव्ह लोम्बार्डो. नंतरही अधूनमधून मोठमोठ्या मैदानांत शो झाले. ज्या बँडला 'स्टॅटिक एज' काढायला एक लेबल मिळालं नव्हतं त्याच्यासाठी हे काही कमी नाही.

तर टी-शर्ट घेतलाच असेल तर ऐकायला 'वॉक अमंग अस'पासून सुरू करा, मग 'स्टॅटिक एज', आणि 'अर्थ ए.डी.' शेवटी. ग्रेव्ह्जच्या अल्बमांना डॅन्झिगभक्त नाक मुरडतात, मुरडू द्या, 'अमेरिकन सायको'त दोन-चार गाणी अशी आहेत की ती डॅन्झिगनं गायली असती तर हेच लोक डोक्यावर घेऊन नाचले असते.