चाळकेवाडीच्या सरड्याला नाव कसं मिळालं

साताऱ्याहून ठोसेघर मागे टाकून वर गेलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. पावसाळ्यात इथे धुकं आणि पवनचक्क्या पाहायला गर्दी असते, एप्रिल-मेच्या उन्हात फारसं कोणी फिरकत नाही. सरडा पाहायचा तर नेमकं तेव्हाच जावं. नर दगडावर चढतो, मान ताठ करतो आणि गळ्याखालचं कातडं पंख्यासारखं उघडतो. निळा, काळा, नारिंगी! क्षणात मिटतो, पुन्हा उघडतो. मादीला बोलावणं आणि दुसऱ्या नराला दटावणं, दोन्ही कामं त्या पंख्याचीच.

अशा पंखेवाल्या सरड्यांची शास्त्रीय नोंद फार जुनी आहे. १८२९ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी 'सिटाना' ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडली. तिच्यातल्या पहिल्या जातीच्या नावातच पुदुच्चेरी आहे: सिटाना पॉन्टिसेरिआना. मागच्या पायाला पाचाऐवजी चारच बोटं, ही या सरड्यांची खूण. १८७० मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जर्डन यांनी दख्खनच्या सरड्याला 'डेक्कनेन्सिस' असं वेगळं नाव दिलं. तरीही पुढे कितीतरी वर्षं भारतातले बहुतेक पंखेवाले सरडे पॉन्टिसेरिआना याच नावाखाली मोजले गेले. कुणाचा पंखा लहान आणि पांढुरका, कुणाचा थोडा रंगीत, कुणाचा मोठा आणि झगझगीत, हे दिसत होतं. पण हे एकाच जातीतले फरक की निरनिराळ्या जाती, याचा निवाडा नुसत्या डोळ्यांनी होण्यासारखा नव्हता.

तो झाला २०१६ मध्ये. व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण करंथ या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्वीपकल्पातल्या निरनिराळ्या ठिकाणचे सरडे शरीररचनेवरून आणि डीएनएवरून एकमेकांशी ताडून पाहिले. वंशवृक्षात मोठ्या रंगीत पंख्याचे सरडे एका फांदीवर आले, बाकीचे दुसऱ्या. फांदीच निराळी म्हटल्यावर नुसती नवी जाती सांगून भागणार नव्हतं, प्रजातीही नवी हवी होती. तिला नाव दिलं 'सारडा', म्हणजे आपला मराठी सरडाच. मला या सगळ्या कामातली ही गोष्ट सर्वांत जवळची वाटते. गावातली पोरं ज्याला सरडा म्हणून हाक मारतात, तोच शब्द आता जगभरच्या संग्रहालयांतल्या चिठ्ठ्यांवर लिहिला जाणार. जर्डनचा डेक्कनेन्सिस या प्रजातीत आला, एका नव्या जातीला डार्विनचं नाव मिळालं आणि चाळकेवाडीचा सरडा झाला 'सारडा सुपर्बा', म्हणजे देखणा.

साताऱ्याला हे नवं नाही. याच पठारावरच्या एका पालीचं नाव २००८ पासून हेमिडॅक्टिलस सातारेन्सिस आहे. कोयनेच्या हुंबर्लीहून १९६३ मध्ये नोंदलेला बेडूकही २००९ मध्ये झॅन्थोफ्राइन या नव्या प्रजातीत गेला.

नाव पक्कं झाल्यावर दोनच वर्षांत, २०१८ मध्ये, मारिया ठाकर, अमोद झांब्रे आणि हर्षल भोसले यांचा याच सरड्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. भक्षक घटल्यामुळे सरड्यांची संख्या वाढली होती आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. पण सरडे वाढले तसा त्यांच्यात खाण्यासाठी झगडाही वाढला असावा, कारण त्यांची अंगकाठी खालावलेली होती. आणि नरांच्या पंख्याचा रंग फिका पडला होता.